दिवाळीआधी सागवानी दार आणि देव्हाऱ्याला घरच्या घरी स्पिरिट पॉलिश

वसुबारसेच्या आगेमागे दरवर्षी मला एक तरी फोन येतोच. "पॉलिश वाळतच नाहीये हो. बोट लावलं की ठसा उमटतो. परवा पाहुणे यायचेत, काय करू?" खरं उत्तर असं, की परवापर्यंत फारसं काही करता येत नाही. चूक आज झालेली नसते. आठ-दहा दिवसांपूर्वी तेलकट लाकडावर तसाच पॉलिश पेपर फिरवला, किंवा माळ्यावर पडलेली गेल्या की त्याच्या आधीच्या दिवाळीची बाटली काढली, तिथे ती झालेली असते. म्हणून या लेखात प्रत्यक्ष पॉलिश लावणं बरंच उशिरा येतं. आधीचं वाचायचा कंटाळा करू नका.

हे सगळं घराच्या आतल्या लाकडासाठी आहे: दारं, चौकटी, चौकटीभोवतीच्या पट्ट्या, देव्हारा, जुनं कपाट. पद्धत चपड्याच्या स्पिरिट पॉलिशची, म्हणजे शुद्ध केलेली लाख (चपडा) स्पिरिटमध्ये विरघळवून केलेल्या पॉलिशची, ज्याला फ्रेंच पॉलिश म्हणतात. घरी करायला मला हीच बरी वाटते. मशीन लागत नाही, आणि पॉलिशचा नवा हात (म्हणजे थर) जुन्या हातात विरघळून मिसळतो, त्यामुळे चुकलं तरी तेवढाच भाग सुधारता येतो. मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) या रासायनिक पॉलिशांचं तसं नाही. ते बिघडलं की खरवडून पुन्हा पहिल्यापासून.

पावसाची झड किंवा दुपारचं ऊन थेट लागतं अशा बाहेरच्या दाराला मात्र चपडा लावू नका. पाण्याने तो पांढरा पडतो. त्या दाराला बाहेरच्या वापराचं पीयू किंवा चांगलं वार्निशच हवं.

## टप्पा १: दिवस उलटे मोजा

दसऱ्यापासून वसुबारसेपर्यंत साधारण सतरा दिवस मिळतात. त्यातला शेवटचा आठवडा पॉलिश कडक होण्यासाठी तसाच सोडायचा. उरले दहा. त्यात साफसफाई आणि घासणं तीन-चार दिवस, लुकण (भोकं-चिरा भरायचा लगदा) आणि स्टेन (लाकडाला द्यायचा रंग) दोन-तीन दिवस, पॉलिशचे हात तीन दिवस. नोकरी सांभाळून संध्याकाळी एकेक तास करणार असाल, तर एक दार आणि देव्हारा एवढंच हाती घ्या. घरभर दारं उघडी-बोडकी करून ठेवाल, तर फराळाचं आणि हे, दोन्ही अर्धवट राहतं.

नवरात्रात देव्हाऱ्याला हात लावता येत नाही. घट बसलेले असतात, अखंड दिवा तेवत असतो. तोपर्यंत दारं घ्या. देव्हारा दसऱ्यानंतर, देव चौरंगावर हलवून.

घरात भिंतींचं रंगकामही निघालं असेल तर क्रम महत्त्वाचा. लाकूड घासणं आणि त्यावर पातळ पॉलिशचा पहिला हात, हे भिंतीच्या शेवटच्या हाताआधी उरका. घासल्याची धूळ ओल्या भिंतीवर बसत नाही, आणि रंगाचे शिंतोडे उघड्या लाकडात न मुरता पॉलिशवर राहतात, पुसून निघतात. पॉलिशचे शेवटचे हात मात्र रंगारी गेल्यावरच. बहुतेक घरांत नेमकं उलटं होतं: आधी भिंती चकाचक, मग त्यावर सागाची तांबूस पूड.

तपासा: पावसाळ्यात फुगलेलं दार अजून चौकटीत अडकतंय का? अडकत असेल तर लाकडात ओल आहे. चार-सहा कोरडे दिवस जाऊ द्या. आणि एवढ्यात सुताराला बोलावून रंधा मारून घेऊ नका. थंडीत तेच दार आकसतं आणि कडेने फट पडते.

## टप्पा २: लाकूड कुठलं, आणि त्यावर आधी काय आहे

भरीव सागवान, व्हिनियर लावलेला प्लायवूड आणि सनमायका हे दिसायला सारखे असू शकतात. दाराची वरची कड पाहा, स्टुलावर चढून. पृष्ठभागावरच्या रेषा कडेवरून पलीकडे चालू राहिल्या तर भरीव लाकूड. कागदासारखा पातळ थर वेगळा दिसला तर व्हिनियर. तो अर्धा मिलिमीटर किंवा त्याहूनही पातळ असतो, दोन मिनिटं जोरात घासलं की खालचा प्लाय डोकावतो, आणि त्यावर उपाय नाही. व्हिनियरवर १८० नंबरपेक्षा खरखरीत, म्हणजे १८० पेक्षा कमी नंबरचा, पेपर लावायचाच नाही. सनमायकावर हा लेख लागू नाही.

मग जुनं पॉलिश ओळखा. बिजागरीच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस अर्धा मिनिट दाबून धरा. चिकट होऊन कापसाला तांबूस रंग लागला तर तो चपडा. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी थिनरचा बोळा धरा. विरघळलं तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर. सुरकुतलं, फुगलं तर बहुधा ऑइलपेंट किंवा तेलाचं वार्निश. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू.

ही परीक्षा पाच मिनिटांची आहे आणि तिच्यावर पुढचे तीन दिवस अवलंबून आहेत. चपडा असेल तर पूर्ण काढायची गरजच नाही. स्वच्छ करून, हलकं घासून त्यावरच नवे हात देता येतात. मेलामाइन असेल आणि ते धड असेल, तर माझा सल्ला: राहू द्या, नुसतं पुसा.

खबरदारी: जुन्या दारावर ऑइलपेंटचे थर असतील तर कोरडा पेपर मारू नका. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासल्यावर ते धुळीत येतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर हा नियम अजिबात मोडू नका. पेंट रिमूव्हर लावून ओला थर खरवडा, खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, आणि खरवड कागदात गुंडाळून लगेच बाहेर.

वाळवीची माती किंवा भुंग्याने पाडलेली पिवळसर भुकटी दिसली तर आधी औषध, मग बाकी सगळं.

## टप्पा ३: सामान आणि चपडा भिजवणं

पुण्यात बोहरी आळीत सगळं एका फेरीत मिळतं. इतरत्र हार्डवेअरच्या कुठल्याही बऱ्या दुकानात.

- चपडा: पापुद्र्यांचा. नारिंगी जुन्या सागाला शोभतो, फिका पिवळा ज्यांना लाकडाचा मूळ रंग ठेवायचाय त्यांना.
- पॉलिशचं स्पिरिट, मिनरल टर्पेंटाइन
- पॉलिश पेपर: १२०, १८०, २२०, ३२०, ४००
- वूड स्टेन, हवा असेल तर
- खडूची पावडर, गेरू, पिवळी माती, लुकण
- कापूस, जुनी धुतलेली मलमल किंवा मऊ धोतराचं कापड, मऊ केसांचा इंचभर ब्रश
- मास्क, रबरी मोजे

एक लिटर स्पिरिटला १४० ते १५० ग्रॅम चपडा. काचेच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बरणीत रात्रभर ठेवा आणि येता-जाता हलवा. लोखंडी डबा नको, पॉलिश काळपट होतं. गरम तर चुकूनही करू नका. सकाळी तळाशी गाळ दिसेल. मलमलीतून गाळून घ्या आणि बरणीवर तारीख लिहा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळला की तिथून त्याचं वय मोजायला लागायचं. मी सहा महिन्यांपेक्षा जुनं वापरत नाही. जुनं झालं की ते दिसायला तसंच दिसतं, लागतंही छान, फक्त पूर्ण वाळत नाही. पहिल्या परिच्छेदातला फोन आठवा.

तपासा: काचेच्या तुकड्यावर तुमच्या पॉलिशचा एक ओघळ सोडा. दुसऱ्या दिवशी नख दाबा. कडक लागला तर ठीक. नखाचा खड्डा पडला तर ते सगळं फेकायचं, कितीही जिवावर आलं तरी.

खबरदारी: पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं. ते पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. दिवाळीत घरात दहा माणसं येतात आणि ओट्यावरची बाटली कोणीही तोंडाला लावतं.

## टप्पा ४: आधी चिकटा, मग पेपर

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात, त्यामुळे इथे थोडा थांबतो.

आधी लाकडावरचं सगळं काढा: हँडल, कडी-कोयंडा, नावाची पाटी, तोरणाचे खिळे, गेल्या वर्षीचे स्टिकर. हँडलभोवती ब्रश वळवून पॉलिश करता येतं असं वाटतं. येत नाही. कडेला थर साचतो आणि तिथूनच पापुद्रा सुटतो. स्क्रू एका वाटीत, वाटीत चिठ्ठी.

मग उरलेलं पाहा. चौकटीवर माणसाच्या खांद्याच्या उंचीला हाताच्या तेलाचा काळा पट्टा असतो. उंबरठ्याच्या कोपऱ्यात हळदीकुंकू आणि तेल. देव्हाऱ्यात समईच्या मागे काजळी, खाली तुपाचे थेंब, कडेला उदबत्तीची राख आणि कापराचा काळा ठसा. सेलोटेपचा डिंक तर ठायी ठायी.

आमच्या देव्हाऱ्यावर मी पहिल्या वर्षी हे न पुसता सरळ १२० चा पेपर चालवला. लाकूड गोरं झालं, मी खूश. पॉलिशच्या दुसऱ्या हाताला समईच्या जागी वाटीएवढा भाग माशाच्या डोळ्यांसारख्या भोकांनी भरून गेला. पॉलिश तिथून मागे सरत होतं. पेपरने तूप निघालं नव्हतं. घासून घासून मी ते लाकडाच्या छिद्रांत भरलं होतं.

क्रम असा: आधी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, फडकं घट्ट पिळून, पुसून लगेच कोरडं. मग टर्पेंटाइनचं फडकं, तेलकट जागी दोनदा-तीनदा, दर वेळी फडक्याची नवी बाजू. डिंक टर्पेंटाइननेच निघतो. मेणाचा थेंब नखाने किंवा जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचला, मग टर्पेंटाइन. रात्रभर वाळू द्या.

तपासा: पुसलेल्या जागी पाण्याचे दोन थेंब शिंपडा. पसरले तर ठीक. मण्यासारखे गोल उभे राहिले तर एक तर अजून तेल आहे, नाहीतर जुनं पॉलिश धड आहे. उघड्या लाकडावर मणी दिसले तर पुन्हा टर्पेंटाइन.

जुना चपडा खूप काळवंडलेला असेल तर स्पिरिटची चिंधी दहा मिनिटं त्यावर पसरून ठेवा आणि मऊ झाल्यावर पुसून काढा. जुने कारागीर काचेच्या तुकड्याच्या धारेने खरवडतात आणि ते बघत राहावं इतकं सुंदर असतं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने हे धाडस करू नये. लोखंडी घासणी टाळा. तिचे बारीक कण छिद्रांत राहतात, पुढे ओल लागली की काळे ठिपके उमटतात.

## टप्पा ५: घासणं

भरीव लाकडाला १२०, १८०, २२० असा क्रम. व्हिनियरला १८० आणि २२०, तेही हलक्या हाताने. आधीचाच चपडा ठेवायचा असेल तर नुसता ३२०. नेहमी रेषेच्या दिशेने. आडवा मारलेला एक ओरखडा स्टेन लागेपर्यंत दिसत नाही, आणि स्टेन लागला की दाराच्या मधोमध काळी रेघ उभी राहते.

एक नंबर वगळून पुढे जाऊ नका. १२० चे ओरखडे २२० ने निघत नाहीत, त्याला १८० लागतो. उलट २२० च्या पुढेही जाऊ नका. लाकूड आरशासारखं गुळगुळीत केलं की स्टेन आत शिरत नाही.

पेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून धरा. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांखाली खळगे पडतात. नक्षीत मात्र पेपरची सुरळी करून बोटांनीच. चौकटीच्या कोपऱ्यात उभं आणि आडवं लाकूड भेटतं, तिथे आधी आडवं घासा, मग सांध्याच्या रेषेवर चिकटपट्टी लावून उभं. दाराच्या आणि पट्टीच्या धारा शेवटी, एकदाच हलका हात. धारेवरचं लाकूड फार लवकर झिजतं.

सागाची पूड नाकाला आणि त्वचेला झोंबते. मास्क लावा, नंतर कपडे झटकून आंघोळ करा.

तपासा: खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च लाकडाला समांतर धरा. प्रत्येक ओरखडा सावली टाकतो. मग पूर्ण भागावर स्पिरिटचं फडकं फिरवा. ओलं असताना जो रंग दिसेल, जवळपास तोच बिनरंगी पॉलिशनंतर येईल. हा रंग आवडला तर स्टेनचा टप्पा सरळ सोडून द्या. सागाला आणि शिसवीला मी सहसा स्टेन लावत नाही. फणसाचं लाकूड तर सुरुवातीला हळदीसारखं पिवळं असलं तरी उजेडाने आपलं आपण तपकिरी होत जातं, त्याला रंगवायची घाई कशाला?

## टप्पा ६: लुकण आणि छिद्रं

खिळ्यांची भोकं आणि चिरा लाकडाच्या रंगाच्या लुकणाने भरा. किंचित उंच भरा, कारण वाळल्यावर ते बसतं. वाळलं की २२० ने सपाट.

फेव्हिकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून भोकं भरायची युक्ती सगळ्यांना माहीत असते. पॉलिशच्या लाकडावर ती वापरू नका. वाळलेला गोंद स्टेन पीत नाही, तिथे फिकट डाग कायमचा राहतो. सांध्यातून बाहेर आलेल्या गोंदाचंही तेच. तो आत्ताच खरवडून काढा.

सागाची छिद्रं भरायची का, हा आवडीचा प्रश्न आहे. काचेसारखा सपाट पृष्ठभाग हवा असेल तर खडूची पावडर स्पिरिटमध्ये दाटसर कालवा, साधारण एका लिटरला दीड किलोच्या प्रमाणात. एका दाराला याचा छोटासा हिस्साच लागतो. त्यात गेरू आणि पिवळी माती घालून रंग लाकडापेक्षा किंचित गडद करा. रेषेच्या आडव्या दिशेने कापडाने चोळून भरा, वरचं लगेच पुसा, वाळल्यावर २२० ने घासा. रंग न घालता पांढरीच पावडर भरली, तर दार खडूने रेघोट्या मारल्यासारखं दिसतं. देव्हारा मी भरतो, दारं नाही. जुन्या दारावर थोडा खडबडीतपणा बरा वाटतो.

## टप्पा ७: स्टेन, लावायचाच असेल तर

बाजारात तीन प्रकार मिळतात. स्पिरिटचा स्टेन इतका झटकन वाळतो, की पहिल्या पट्ट्याशेजारी दुसरा मारेपर्यंत मध्ये गडद रेघ पडते. पाण्याच्या स्टेनने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि पुन्हा घासावं लागतं. नवख्याने तेलाचा घ्यावा. तो पुसायला वेळ देतो.

आधी दाराच्या वरच्या कडेवर किंवा देव्हाऱ्याच्या मागच्या बाजूवर नमुना. वाळू द्या, त्यावर पॉलिशचा एक हात, मग दिवसाच्या उजेडात आणि रात्री घरातल्या दिव्याखाली, दोन्ही वेळा पाहा. दुकानातल्या पत्रकावरचा 'वॉलनट' तुमच्या सागावर कसा येईल ते फक्त तुमचा साग सांगतो.

कापलेली टोकं स्टेन फार पितात आणि काळी पडतात. सागाच्या चौकटीला मध्येच दुसऱ्या लाकडाचा जोड दिला असेल तर तोही वेगळा रंग घेतो. या दोन्ही जागी आधी तुमच्याच पॉलिशमध्ये दुप्पट स्पिरिट घालून पातळ हात द्या, अर्ध्या तासाने २२० फिरवा, मग स्टेन.

लावताना चिंधीने, एका वेळी एकच भाग: दाराची एक फळी, चौकटीची एक उभी बाजू. पाच-सात मिनिटांनी स्वच्छ कापडाने रेषेच्या दिशेने पुसून काढा. गडद हवा म्हणून न पुसता तसाच सोडू नका. वर साचलेला स्टेन वाळत नाही आणि त्यावरचं पॉलिश सुटतं. गडद हवा तर दुसऱ्या दिवशी दुसरा हात. त्यानंतर पूर्ण चोवीस तास थांबा, कोकणात किंवा गोव्यात असाल तर दोन दिवस.

खबरदारी: तेलाच्या स्टेनच्या आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते, बोळ्यात ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. दोरीवर एकेक पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

## टप्पा ८: पॉलिशचे हात

सकाळी दहा ते दुपारी चार ही वेळ. पहाटे आणि रात्री हवेत दमटपणा असतो. स्पिरिट उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार करतं, त्यावर हवेतली वाफ बसते आणि पॉलिशवर पांढरट धुकं उमटतं. पंखा बंद ठेवा, खिडक्या उघड्या. घरात दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको, शेजारच्या खोलीतसुद्धा नको. देव्हाऱ्याचं काम असेल तर त्या दिवशीची पूजा आधी उरका आणि समई विझल्याची खात्री करा.

पहिला हात निम्म्याला निम्मं स्पिरिट घालून पातळ केलेला, ब्रशने. तासाभराने ३२० ने अगदी हलकं घासून पुसून घ्या. हात फिरवला की मांजराच्या जिभेसारखं लागणारं लाकूड आता मऊ लागेल.

मग पुरचुंडी. लिंबाएवढा कापसाचा गोळा मलमलीत घट्ट बांधा, खालच्या बाजूला एकही सुरकुती नको. पॉलिश कापसावर वरून ओता, पुरचुंडी पॉलिशमध्ये बुडवू नका. तळहातावर दाबून पाहा: ओली लागली पाहिजे, ठिबकली नाही पाहिजे.

दाराच्या एका टोकाच्या थोडं बाहेरून, हात हवेत चालता असतानाच पुरचुंडी टेकवायची, न थांबता दुसऱ्या टोकाच्या बाहेर न्यायची आणि चालत्या हातानेच उचलायची. पुढचा पट्टा शेजारी, किंचित चढवून. मध्ये थांबलात तर कापूस तिथेच चिकटतो आणि खालचा थर उपटून आणतो. एखादी जागा सुटली? सुटू द्या. ओल्यावर परत फिरायचं नाही. पुढच्या हाताला ती भरून निघते. हे एक वाक्य कागदावर लिहून समोर चिकटवावं इतकं महत्त्वाचं आहे.

पुरचुंडी अडखळायला लागली तर तिच्या तळाला जवसाच्या तेलाचा एक थेंब, एकच. खोबरेल नको, ते वाळत नाही.

दोन हातांमध्ये अर्धा-पाऊण तास. दिवसाला तीन किंवा चार हात, मग रात्रभर विश्रांती. दुसऱ्या दिवशी ४०० चा पेपर हलका फिरवून पूड पुसा आणि पुन्हा तीन हात. सहा ते नऊ हातांत घरगुती दार छान होतं. जाड दोन हात म्हणजे पातळ सहा असा हिशोब करू नका. जाड थर वरून वाळतो आणि आतून मऊ राहतो.

नक्षी, कळस आणि देव्हाऱ्याच्या महिरपीवर ब्रशनेच, पण ब्रश कडेला निथळवून. खोबणीत साचलेलं पॉलिश लगेच कोरड्या ब्रशने ओढून काढा.

बिघडलं तर: पांढरं धुकं आलं तर कोरड्या दुपारी पुरचुंडीला नुसतं स्पिरिट लावून, जवळजवळ कोरडीच, एकदा भरकन फिरवा. बहुतेक वेळा धुकं जातं. धुळीचे कण बसले तर दुसऱ्या दिवशी ४०० आणि एक पातळ हात. मलमलीचे पट्टे दिसत असतील तर पॉलिश दाट आहे, स्पिरिट वाढवा. माशाचे डोळे आले तर तेवढ्या भागाचं पॉलिश स्पिरिटने काढून टर्पेंटाइनपासून पुन्हा. आणि चार दिवसांनीही बोट चिकटत असेल तर चपडा जुना होता. वर आणखी काही लावून तो कडक होत नाही, तो काढावाच लागतो.

चपड्यावर टिकाऊपणासाठी पीयू चढवायचा विचार असेल तर साधा चपडा वापरू नका, त्यातल्या मेणामुळे पीयू नीट धरत नाही. मेण काढलेला चपडा वेगळा मिळतो, तो मागून घ्या.

## टप्पा ९: वाळलं म्हणजे झालं नाही

हाताला कोरडं लागणं अर्ध्या तासात होतं. कडक व्हायला आठवडा लागतो. या आठवड्यात दार चौकटीत दाबून लावू नका. पहिल्या रात्री लावलेलं दार सकाळी उघडताना चर्रर्र आवाज येतो आणि चौकटीच्या खाचेवरचा पापुद्रा दारासोबत येतो. दार लोटून मध्ये घडी घातलेलं फडकं अडकवा. रात्री लावावंच लागतं असं दार असेल तर खाचेत मेणबत्तीचा तुकडा हलका घासून ठेवा, पण शेवटचा हात पूर्ण वाळल्यावर.

हँडल, कड्या तीन दिवसांनी. मेणाचं पॉलिश लावायचं असेल तर आठवड्यानंतर, मऊ कापडाने, अगदी पातळ.

देव्हाऱ्यात देव परत ठेवताना दोन गोष्टी. चपडा उष्णतेने मऊ होतो, म्हणून समई आणि निरांजन थेट लाकडावर ठेवू नका, खाली पितळी ताटली ठेवा आणि ज्योत महिरपीपासून लांब. अभिषेक ताम्हणातच, आणि कलशाखाली ताटली. ओल्या कलशाचं पांढरं वर्तुळ एका रात्रीत पडतं. पडलंच तर वरची धुक्याची युक्ती चालते. सॅनिटायझरची बाटली मात्र पॉलिश केलेल्या कुठल्याही लाकडापासून दूर ठेवा. त्यात अल्कोहोल असतं, आणि चपडा त्यातच विरघळतो.

तोरणासाठी सेलोटेप वापरू नका, चौकटीच्या वरच्या कडेला, समोरून दिसणार नाहीत असे दोन छोटे हूक कायमचे बसवून घ्या. भोक पॉलिशच्या आधी, टप्पा सहाच्या वेळीच पाडलं तर उत्तम. आता आठवलं असेल, तर भिंतीकडच्या बाजूने पाडा आणि भोकात पॉलिशचा एक थेंब सोडा.